मनधरणीचं टेबल

"सोडून जायचंच ठरवलंय म्हणता, तर ठीक आहे सर. पण आमचं नेमकं काय चुकलं, एवढं तरी सांगाल?"

पलीकडून क्षणभर नुसती टिकटिक ऐकू आली. एका घड्याळाची नव्हे, पाचपंचवीस घड्याळांची असावी. मग एक म्हातारा आवाज आला.

"तुमचं कसलं चुकतंय बाई. मी तक्रारीला फोन नाही केला. निरोप घ्यायला केलाय."

साखरताईचं बोट माउसवर थांबलं. अकरा वर्षांत तिने शिव्या ऐकल्या होत्या, रडणं ऐकलं होतं, भाजीसारखी घासाघीस ऐकली होती. निरोप घ्यायला मात्र कोणी आलं नव्हतं.

साखरताई हे नाव तिला आवाजामुळे पडलं होतं. मोबाइल कंपनीच्या दुकानाखालच्या तळघरातल्या ज्या खोलीत ती बसे, तिच्या दारावर 'ग्राहक जतन विभाग' अशी पाटी होती. आतली माणसं मात्र त्या खोलीला मनधरणी म्हणत. दुसऱ्या कंपनीकडे निघालेल्या माणसाचा फोन इथे जोडला जाई, आणि गोडीगुलाबीने त्याला मागे वळवणं हे इथलं काम. त्यासाठी पडद्यावर एक स्वस्त प्लॅन असे. तो कुठल्याच जाहिरातीत नव्हता, निघालेल्यालाच दाखवायचा. म्हणजे पाहा, मुकाट नांदेल त्याला चढा भाव आणि रुसून दाराशी जाईल त्याला उतरता. रुसण्याला एवढा मान जावयाच्या सासुरवाडीखेरीज या मोबाइलवाल्यांनीच दिला असेल. तीन महिन्यांनी तो प्लॅन आपोआप दुप्पट होई, आणि हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा नियम होता.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. शंभरातली चाळीस माणसं वळवावी लागत. साखरताईची एकोणचाळीस झाली होती. ज्याचे चाळीस भरत नसत त्याला पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी. आणि घरी आई होती, उजवं अंग लुळं पडलेली. दिवसा शेजारच्या शिवणवाल्या मावशी तिच्याकडे बघत. पण सहा वाजले की त्या मशीनवर कापड झाकून आपल्या संसाराला लागत. त्यानंतर आईला पाणी पाजायला, कुशीवर वळवायला साखरताईशिवाय कोणी नव्हतं. भिंतीवर पाच वीस झाले होते. साडेपाचला हिशेब बंद.

"निरोप कसला सर?" तिने विचारलं.

"अहो, सतरा वर्षं तुमचा नंबर वापरला. पंगतीतून न सांगता उठावं का माणसानं? मी घड्याळं दुरुस्त करतो. मला फोन यावा आणि दोन शब्द बोलता यावेत, बास. तुमचा तो छोटा प्लॅन होता, तो बंद केलात. मोठा घ्यायला लावलात, तो तीनदा वाढवलात. वर रोज दोन जीबी देता. मी काय करू त्या जीबीचं? मी मागतो घोटभर पाणी, तुम्ही डोक्यावर घागर ओतता आणि घागरीचे पैसे घेता."

साखरताईला हसू आलं. इथे हसणंसुद्धा रेकॉर्ड होई, म्हणून तिने त्याचा खोकला केला.

"तेव्हा समोरच्या कंपनीचं नवं कार्ड घेतलंय," घड्याळवाले म्हणाले. "स्वस्त आहे. फक्त नंबर नवा. आता एक विनंती. माझा जुना नंबर पुढं कोणाला तरी द्याल ना?"

"हो. काही महिन्यांनी देतात."

"तर जरा चांगला माणूस बघून द्या. चिडका नको. त्याचं काय आहे, घड्याळ दुरुस्त झालं की मागचं झाकण बसवायच्या आधी आतल्या बाजूला मी सुईनं तारीख कोरतो आणि खाली माझा नंबर. कोणाचं घड्याळ कुठल्या गावी गेलं, देवालाच ठाऊक. कधीतरी कोणी उघडेल, फोन लावेल. त्या वेळी ज्याच्याकडं नंबर असेल त्यानं एवढंच सांगावं, म्हातारा आहे अजून, या नव्या नंबरावर. सांगू का नवा नंबर? लिहून घेता?"

साखरताईने पेन उचललं आणि तसंच ठेवलं. या माणसाला वाटत होतं की नंबर कंपनीच्या मालकीचा; कंपनी सोडली की तो ठेवून जायचा, भाड्याच्या खोलीची किल्ली ठेवावी तसा. तीन भाववाढी त्याने त्याच भीतीने सोसल्या होत्या.

चाळिसावा माणूस आयता चालत आला होता.

"सर, तुम्हाला जावंच लागलं नाही तर?" तिचा आवाज सवयीने पाकात बुडाला. "तुमच्यासाठी खास प्लॅन आहे. निम्म्या पैशात. आणि नंबर कुठेही जाणार नाही."

"नंबर राहतो?"

"राहतो."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. "अगं, ऐकलंस का, नंबर राहिला आपला."

"राहिला ना?" लांबून एक बाई म्हणाल्या. "मग आता चार घास नीट खा. दोन दिवस झाले, घरात कोणी गेल्यासारखं तोंड करून बसलेत."

घड्याळवाले परत फोनवर आले. "बाई, देव तुमचं भलं करो. करून टाका. तुम्ही म्हणाल तिथं हो."

पडद्यावर हिरवं बटण होतं. ते दाबलं की चाळीस. असा आशीर्वाद तिला दिवसातून दोनदा तरी मिळे, आणि ती तो पुढच्या फोनआधी झटकून टाके. आज तो झटकला जाईना. तीन महिन्यांनी हा माणूस पुन्हा तोंड पाडून बसेल, पुन्हा निरोप घ्यायला फोन करील. आशीर्वाद खोट्या मापाने घेतला की अंगी लागत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण कळायला काही शिकावं लागतं असंही नाही.

"काका," ती म्हणाली. सर कुठे गळून पडला ते तिलाही कळलं नाही. "तो प्लॅन तीनच महिन्यांचा आहे. मग दुप्पट."

"म्हणजे परत तेच?"

"नाही. नीट ऐका. नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येतं. एक मेसेज पाठवायचा, कोड येतो. तो घेऊन समोरच्यांच्या दुकानात जायचं. थोड्या दिवसांत तुमचा जुनाच नंबर त्यांच्या कार्डावर चालू होतो."

"आणि झाकणात कोरलेला?"

"तोच."

"असं असतं होय? मला कोणी सांगितलं नाही."

"आम्ही सांगत नाही. माझा स्वतःचा नंबर मी गेल्या वर्षी तिकडं नेलाय काका. या तळघरात आमच्याच कंपनीची रेंज येत नाही."

घड्याळवाले मनापासून हसले. मग एकदम थांबले. "पोरी, तुला आता बोलणी खावी लागणार का?"

"थोडी."

"मग राहतो मी. तीन महिने तर तीन महिने. तुझं काम होत असेल तर..."

"नको काका. तुम्ही जा."

जा हा शब्द त्या टेबलावरून कधी कोणाला सांगितला गेला नव्हता. तो तोंडातून गेला आणि साखरताईचे खांदे आपोआप खाली आले. एवढा वेळ ते वर ओढलेले होते, हे तिला तेव्हा समजलं.

पावणेसहाला टक्केसाहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. हे तिथले मुख्य. सगळं टक्क्यांत बोलत म्हणून हे नाव. कानाला हेडफोन लावून त्यांनी सगळा फोन ऐकला. टेबलावर त्यांचा स्वतःचा मोबाइल पडला होता, वरच्या कोपऱ्यात समोरच्या कंपनीचं नाव. तो त्यांनी हळूच पालथा घातला.

"ते शेवटी तू स्वतःच्या नंबराचं काय बोललीस, मला नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "आवाज खराब आहे. पुसून टाकतो."

"बरं साहेब."

"टक्के मात्र ऐकू आले. एकोणचाळीस. ते माझ्या हातात नाही. रात्रपाळी लागेल."

"रात्रपाळी नको. मला वर दुकानात द्या, काउंटरला."

"अगं, पगार कमी. वर दिवसभर उभं राहायचं."

"दिवसभरच ना."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे ओढला. "आणि वर कोणी सोडून जायला आलं तर?"

"फॉर्म देईन. सही कुठं करायची ते दाखवीन."

घरी आईने विचारलं, काय झालं. "मला वर पाठवलं," साखरताई म्हणाली. आईचं अर्धंच तोंड चाले, पण जिथे बोलायचं तिथे ती चुकत नसे. "तिन्हीसांजेला," ती म्हणाली, "असं बोलू नये." दोघी बऱ्याच दिवसांनी एवढ्या हसल्या.

काउंटरवरचा पहिला आठवडा संपला त्या संध्याकाळी तिचे घोटे सुजले होते. वाटेवरच्या चपलांच्या दुकानात ती शिरली.

"नंबर?" दुकानदाराने विचारलं.

"पाच."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "काम बसून की उभ्यानं?"

"आता उभ्यानं."

"मग पाच विसरा ताई. उभ्या माणसाचा पाय संध्याकाळी पसरतो. सहा घाला."

तिने सहा घातल्या. आरशापासून दारापर्यंत चालून गेली, परत आली. बोटांना एकमेकांपासून जरा सरकून बसायला जागा होती.

"जुन्या बांधून देऊ?"

"द्या," ती म्हणाली, आणि नव्या चपला घालूनच बाहेर पडली. रस्त्यावर अजून उजेड होता.