पुढची सीट

मुंजाजी मेकॅनिक गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि तेलानं माखलेला तळवा त्यानं नर्मदाबाईंच्या नाकासमोर धरला.

"काकू, वास घ्या. हे गाडीचं तेल हाय का भज्याचं?"

नर्मदाबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मागच्या आठवड्यात अर्ध्या वाटेत स्टिअरिंगचं तेल संपलं, तेव्हा आबासाहेबांनी बाजाराच्या पिशवीतली बरणी काढून सरळ करडीचं तेल ओतलं होतं. ताडकळस येईपर्यंत गाडीला तळणीचा घमघमाट सुटला होता आणि वेशीपासून घरापर्यंत कुत्री मागं लागली होती.

"तेल म्हंजे तेल," नर्मदाबाईंचे यजमान खुर्चीवरून गुरगुरले. "गाडीला काय कळायलंय?"

"गाडीला समदं कळतंय, आबासाहेब. मालकाचंच अवघड हाय."

आबासाहेबांना असं बोलायची मुभा अख्ख्या परभणीत एकट्या मुंजाजीला होती. वीस वर्षांपूर्वी त्यांनी हैदराबादहून ही लांबलचक अमेरिकन गाडी आणली, तेव्हापासून तिच्या पोटात हात घालणारा तोच. पॉवर स्टिअरिंगची गाडी. इंजिनावरचा पंप तेल दाबायचा आणि त्या तेलाच्या जोरावर एवढं धूड एका हातानं वळायचं. पुढं आबासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. पाय पुन्हा चालू लागले, जीभ तर आधीपेक्षा तिखट होऊन परत आली, पण डावा हात गेला तो गेलाच. तरी त्यांचं अडलं नाही. गिअरचा दांडा एकदा ओढला की पुन्हा त्याच्याकडं बघायचं काम नव्हतं आणि स्टिअरिंगला उजवा हात पुरत होता. जेवताना भाकरी कुस्करून द्यावी लागणारा माणूस गाडीत बसला की पहिल्यासारखा राजा असायचा.

मग तेल गळायला लागलं. स्टिअरिंग आधी कण्हलं, नंतर जड झालं, आणि एका वळणावर समोर बैलगाडी आली तेव्हा एका हाताला आवरेचना. मागं बसलेल्या नर्मदाबाईंनी सीटवरून ओणवं होऊन, होता नव्हता तेवढा जोर लावून चाक ओढलं. दुसऱ्या दिवशी निघताना आबासाहेब दुसरीकडं बघत म्हणाले,

"पुढं बस."

त्यांच्या घराण्यात बायका मागं बसत. पुढच्या सीटवर पाहुणे बसत, सरपंच बसे, कुणीच नसलं तर आबासाहेबांचा फेटा बसे, पण बायको मागं. वीस वर्षं नर्मदाबाईंनी रस्ता पाहिला तो नवऱ्याच्या मानेच्या अल्याडपल्याडून. आता सगळी काच त्यांच्यापुढं उघडी होती. वळण आलं की आबासाहेब "हं" म्हणायचे आणि नर्मदाबाई आपल्या उजव्या हातानं चाकाला जोर द्यायच्या. दोन हातांचं काम ते दोघं एकेका हातानं करायचे. सरळ रस्त्याला काही काम नसायचं, तेव्हा आबासाहेब बोलायचे. ही ज्वारी कुणाची, तो मळा कुणी विकला, त्या लिंबाखाली लहानपणी कसा मार खाल्ला. घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस! बाजारात शेजारच्या सुलाबाईनं सगळ्यांदेखत टोमणा मारला, "नवं लगीन झाल्यावानी बसताव की ओ!" नर्मदाबाई वरवर चिडल्या, पण तो टोमणा त्यांनी दोन दिवस मनात घोळवला.

"स्टिअरिंगच्या सिलिंडरचं रबर गेलंय, तिथूनच तेल गळायलंय," मुंजाजी हात पुसत सांगत होता. "हैदराबादला माणूस धाडलं होतं. नामांतराच्या बंदात चार दिवस अडकून पडलं बिचारं, अन् शेवटी रिकाम्या हातानं आलं. ह्या गाडीचा माल आता कुठंच मिळत न्हाई. तेल टाकत ऱ्हावा. काकू हायेतच संगं."

आबासाहेब नुसते गाडीकडं बघत राहिले.

नर्मदाबाईंना मात्र त्याच वेळी गल्लीतला हापसा आठवला. हापशाला रबराचं वायसर बसवलं की महिन्यात पाणी तुटायचं. चामड्याचं वायसर रात्रभर तेलात भिजवून बसवलं की वर्ष वर्ष बघायला नको. हे त्यांनी घागर घेऊन उभं राहून कितीदा तरी पाहिलं होतं. मग जे पाणी धरतं ते तेल धरणार नाही का? शब्द ओठांवर आले. आणि गाडी नीट झाली की आपण मागं, हेही त्याच घडीला मनात आलं. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला, ऊन व्हायलंय."

पुढं आठ-पंधरा दिवस त्यांनी ते गुपित सांभाळलं. मग त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी जरा उतरला तेव्हा पाणी प्यायला म्हणून उठल्या, तर खिडकीतून अंगणातली गाडी दिसली. आबासाहेब आत बसले होते. इंजिन चालू होतं. एका हातानं ते चाक वळवायला बघत होते. चाक वीतभर फिरायचं आणि अडायचं. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. मग त्यांनी डावा हात उजव्यानं उचलला, चाकावर ठेवला आणि पुन्हा जोर लावला. तो हात घसरून मांडीवर पडला. आबासाहेबांनी इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले.

नर्मदाबाईंना स्वतःची लाज वाटली. एका सीटपायी आपण या माणसाचं राज्य बुडवत होतो.

रात्री भाकरी कुस्करून देताना त्या म्हणाल्या, "मुंजाजीला हापशाचं वायसर बसवून बघा म्हनावं. चामड्याचं. तेलात भिजवून."

आबासाहेबांचा घास हातातच राहिला.

"हे कवा सुचलं तुला?"

"आत्ताच. तापात."

आबासाहेबांनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग घास तोंडात घातला.

मुंजाजी आधी पोट धरून हसला. मग हसायचा थांबला, सिलिंडर खोलून बसला, चामडं कापून, तासून, भिजवून त्यानं मापाला आणलं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करून त्यानं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि खाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी होती.

"घ्या आबासाहेब. एका हाताची गाडी झाली तुमची."

"जरा मोंढ्यापतुर जाऊन येतो," आबासाहेब म्हणाले. "तू बस हितंच."

गाडी धान्यबाजाराच्या दिशेनं गेली. किती दिवसांनी ते एकटे गेले होते. नर्मदाबाई गॅरेजातल्या स्टुलावर बसल्या. मुंजाजीनं मागवलेला चहा निवून गेला. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला, मनापासून बरं वाटत होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. सुलाबाईला आता दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल, असं मनाशी म्हणून बघितलं, पण हसू आलं नाही.

बऱ्याच वेळानं हॉर्न वाजला. गॅरेजच्या अरुंद फाटकातून आबासाहेबांनी गाडी एका हातानं अशी अलगद वळवून आत घेतली, की मुंजाजीनं टाळीच वाजवली. आबासाहेबांचा चेहरा उजळला होता. नर्मदाबाईंनी पिशवी उचलली आणि न सांगता मागचं दार उघडलं.

मागच्या सीटवर सरकीच्या पेंडीची तीन पोती शेजारी शेजारी बसवली होती. सीटवर साधी पिशवी ठेवली तरी घर डोक्यावर घेणाऱ्या माणसानं पोती ठेवली होती.

"काकू बसतेल कुठं?" मुंजाजी पुढं धावला. "डिक्की रिकामीच हाय की! थांबा, तिकडं टाकतो."

"हात लावू नको," आबासाहेब गरजले. "डिक्कीत तेलाचा वास हाय. पेंडीला लागंल." आणि मग समोरच्या काचेकडं बघत, खालच्या आवाजात म्हणाले, "पुढं बस."

नर्मदाबाई पुढं बसल्या. परभणी मागं पडली. वळणं आली आणि गेली. आबासाहेबांनी एकदाही "हं" म्हटलं नाही आणि नर्मदाबाईंचे हात मांडीवरच राहिले. दोन्ही बाजूंना करडी फुलली होती. ती कुणाची, यंदा एकरी किती उतरेल, हे आबासाहेब सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. ताडकळसची झाडं दिसायला लागली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अवं," त्या हळूच म्हणाल्या, "पन म्हैस तर आपुन संक्रांतीलाच इकली की."

आबासाहेबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"आनू की दुसरी," ते म्हणाले.