मालगाडीतून जेवण

आमच्या अजेयच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्या मसाल्याच्या डब्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी हळदीचं नाव घेतलं होतं. सुट्या हळदीत म्हणे रंगासाठी काहीबाही मिसळतात. झालं. तीन वर्षांचं नातवंड पोट धरून कळवळतंय, तोंड पांढरंफटक पडलंय, आणि सूनबाई मधुवंती माझी हळद पिशवीत घालून तपासणीला नेतेय. मी काही बोलले नाही. म्हणजे बोललेच, पण स्वयंपाकघरात, भांड्यांशी.

हळद निर्दोष निघाली. नळाचं पाणीही. कोलकात्यात बागबाजारातल्या आमच्या या घराच्या भिंती खरवडून पाहिल्या, तिथेही काही नाही. मधुवंतीची रजा संपत आली होती, एस्प्लनेडच्या तिच्या बँकेतून फोन यायला लागले होते.

"कशानं होतंय ते कळेपर्यंत मी त्याला नागपूरला माझ्या आईकडे ठेवते," ती म्हणाली. "इथे नको, आई."

तिनं आवाज चढवला असता तर मी भांडले असते. ती शांतपणे बोलली, आणि तेच मला जास्त लागलं.

आमचे हे, जयप्रकाश, जन्मभर इथल्याच कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. गणिताखेरीज त्यांचा जीव एकाच गोष्टीत, लहानपणी वडिलांनी घेऊन दिलेल्या चावीच्या मालगाडीत. घरी पाहुणा आला की चहाआधी तिचा इतिहास. पूर्वी पत्र्याची खेळणी हातानं रंगवायचे, ती श्रीमंतांच्याच पोरांना मिळायची. मग जर्मनीतल्या कारखान्यांनी पत्र्याचे ताव साच्यात दाबून कापायला सुरुवात केली. कडा दुमडल्या, रंग मारला की डबा तयार, आणि कारकुनाच्या पोरालाही गाडी मिळाली. "एका साच्यातून हजारो पोरांचं बालपण बाहेर पडलं, वृंदा," असं हे डोळे मिटून म्हणायचे. मी विचारायची, "आणि त्यावरची धूळ कोण पुसतं?"

अजेयच्या बोरन्हाणाला यांनी त्या गाडीचे उघडे डबे हलव्यानं, बोरांनी आणि चुरमुऱ्यांनी भरले आणि गाडी त्याच्याभोवती फिरवली. कोलकात्यातली आमची सगळी मराठी मंडळी मोबाईल उगारून उभी. तेव्हापासून तो पायंडाच पडला. हातानं भरवायला गेलं की पोरगं तोंड फिरवायचं, पण आजोबा तोंडानं शिट्टी वाजवत गाडी सोडायचे आणि हा आ करून तयार. मऊ भात, लाडवाचा चुरा, संत्र्याच्या फोडी, सगळं मालगाडीतून यायचं. शेवटी डबा उचलून चाटूनपुसून साफ. आम्हाला केवढं कौतुक.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी अजेय रडवेला होऊन आजोबांच्या मागे लागला. "आजोबा, गाडी कोथाय?" गाडी कुठाय, हे तो नेहमी बंगालीतच विचारतो. गाडी मी मोरीत नेली होती. संत्र्याचा रस सुकून डबे चिकट झाले होते. धुताना एक डबा उजेडात धरला. बाहेरून लालभडक, आत तळाला नुसता उघडा पत्रा. कडेला पापुद्रे सुटलेले.

"रंग गेला कुठे?" मी मोठ्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच ओला डबा घेऊन मधुवंतीकडे धावले.

डबा तपासायला दिला. जुन्या रंगात शिसं असतंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आंबट पदार्थात ते जास्त उतरतं. पोर वेळेत सापडलं, सुधारेल. जास्त दिवस गेले असते तर मेंदूवर परिणाम झाला असता. लक्ष लागत नाही, अक्षरं-आकडे जमत नाहीत, मूल मागे पडतं.

मधुवंतीनं तिकिटं रद्द केली आणि मला येऊन बिलगली. संध्याकाळी यांनी सगळे डबे वर्तमानपत्रावर मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिले. मला ते बघवेना, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"सगळा काही अजेयनं नाही खाल्ला. अर्धा रंग तर सुयशनंच लहानपणी चघळून काढला होता."

दारात सुयश उभा होता. आमचा एकुलता एक, अजेयचा बाप. सियालदहच्या एका घाऊक कागदवाल्याकडे तो कामाला आहे. शाळेत असताना हे रोज त्याला गणित घेऊन बसायचे आणि रोज त्याचा उद्धार व्हायचा. ढ. दगड. कोणाच्या पोटी आलास. तो बारावीला गणितात नापास झाला, तेव्हापासून यांनी त्याला रागावणंही सोडलं. पाहुण्यांना गाडीची ओळख करून द्यायचे, मुलाची नाही.

सुयश आत आला. डबा उचलून त्यानं तळावरून अंगठा फिरवला. मग तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लहानपणी पोटात गेलेलं शिसं मोठेपणी कळतं का? त्यानं काय केलं ते सांगता येतं का? पलीकडून नाही म्हणाल्या असणार. इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगायला मार्ग नाही, असं त्यानंच आम्हाला सांगितलं.

आता हा भडकेल, असं मला वाटलं. भडकावं, अशी माझी इच्छाही होती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. तो आशेनं बापाकडे पाहत होता, चाळिशीला टेकलेला माणूस.

"म्हणजे मी ढ नसेनही ना, बाबा?"

मला यांचा त्या क्षणी भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. सिद्ध केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, यावरून यांनी या मुलाच्या किती वह्या फाडल्या होत्या.

"नव्हतास," हे म्हणाले. उठून त्याच्याजवळ गेले आणि पुन्हा म्हणाले, "ढ नव्हतास तू."

सुयश बूट न काढताच खाली जमिनीवर बसला आणि अजेयच्या देखत हुंदके देऊन रडला.