सातनंतरची गल्ली

शिंदे की छावनीतल्या त्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर अठराच्या आतलं कुणी दिसायचं नाही, हा नियम शरयूचा. विश्वासराव गल्लीच्या समितीचे नुसते नावाला अध्यक्ष. लिहिणं, बजावणं, फोटो काढणं सगळं हिच्याकडे. मोटारसायकलवाल्या टोळक्याने विश्वासरावांच्या गाडीची काच फोडली. टोळकं सापडलं नाही, तेव्हा सापडण्यासारखी होती ती घरोघरची पोरं कोंडली. समोरच्या गरिमाचा समरजीत आजोबांचं औषध आणायला निघाला, तर हिने त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नियम सर्वांना सारखा.' तेव्हापासून गरिमा तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे शब्द खर्चत नसे. तरी भोंडल्याला लेक पाठवली; भोंडल्याला नाही म्हणत नाहीत.

नवरात्रातला शेवटचा भोंडला शरयूकडे होता. रोज एक गाणं वाढतं, एक खिरापत वाढते, आणि ओळखल्याशिवाय मुली हलत नाहीत, हे एवढ्या चोख बाईच्या ध्यानात राहू नये! नवव्या दिवशीचा डबा काही कुणाला ओळखता येईना.

"गोड की तिखट, काकू?"

"दोन्ही नाही."

आवळासुपारी निघाली तेव्हा घड्याळात साडेसात.

चपला घालता घालता गरिमाची शिखा थबकली. "काकू, आमचा पण फोटो निघेल?"

सगळ्याच थांबल्या. समोरच्या खिडक्यांतून गल्ली बघत होती. शरयूचा हात कडीवरून मागे आला. तिने विश्वासरावांना फोन लावला.

"अहो ताई, मुली आहेत, सोडा की! नियम त्या उनाड पोरांसाठी."

"तसं लिहिलेलं नाही."

"मग ठेवून घ्या रात्रभर," म्हणून ते खो खो हसले.

मुली खिडकीच्या गजांना चिकटल्या. त्यांतली सगळ्यात लहान रडायला लागली, "मम्मी के पास जाना है." उनाड म्हणजे कोण, हे शरयूनेच तर कधी विचारलं नव्हतं. सोडावं, तर समरजीतचा गुन्हा कोणता? अडवावं, तर या पोरींचा?

तिने दार उघडलं. समोर समरजीत आपल्या उंबरठ्याच्या आत, पायांची बोटंसुद्धा बाहेर येऊ न देता उभा. मागे गरिमा हाताची घडी घालून.

"शिखा, थांब तिथेच," तो म्हणाला. "काकूंनी सांगितल्याशिवाय नाही."

"अरे, ये ना, घेऊन जा बहिणीला."

"सिर्फ आज के लिए, काकू? की रोज?"

शरयूने वर पाहिलं. विश्वासराव गॅलरीत आले होते.

"रोज," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," गरिमा म्हणाली. कितीतरी दिवसांनी एवढे शब्द.

"रोज!" शरयू ओरडली. "फोटो टाकला ती माझी चूक. ये, बाळा."

समरजीतने आधी आईकडे पाहिलं, मग गल्लीत पाऊल टाकलं.