ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा

"स्प्रिंगा कडकच बसव," जयसिंगराव खुर्चीतून पुन्हा म्हणाले.

तनुजाने पाना खाली ठेवला. हडपसरच्या घरामागच्या शेडमध्ये ती वडिलांच्या जुन्या मोटारीचं इंजिन बांधत होती. पॉलिटेक्निकमध्ये ती इंजिनंच शिकवायची. तिथे पोरं ऐकत.

"बाबा, व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा थकल्या होत्या, म्हणून गाडी घाटात दमायची. आता मूळ मापाच्या नव्या आणल्यात. एकेक किती वजनाला दबते ते तपासलंय."

"मऊ आहेत. तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी ही गाडी."

"चालवताय. उघडली कधी?"

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली, तर तिच्या स्प्रिंगा चिवड्याच्या डब्यात पडलेल्या आणि इंजिनावर भलत्याच जाडजूड.

"सुखदेवने बसवून दिल्या," जयसिंगराव खुशीत होते. सुखदेव म्हणजे त्यांचा ट्रॅक्टरवाला मित्र. "ट्रॅक्टरच्या आहेत. आणखी ताण यावा म्हणून खाली वॉशरही घातलेत. मारू स्टार्टर?"

"हात लावू नका!" तनुजा ओरडली. मग पाना त्यांच्याच हातात दिला. "आधी इंजिन हाताने फिरवा."

त्यांनी फिरवलं. इंजिन थोडं वळलं आणि अडलं. त्यांनी अंगाचा भार टाकला. ढिम्म.

"व्हॉल्व्ह पूर्ण उघडायच्या आधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकलेत. आणखी दबायला जागाच नाही. स्टार्टर मारला असता तर आतलं सगळं वाकलं असतं."

"मग हे कालच सांगायचंस."

तनुजा बाहेर गेली आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिली. परत आली तेव्हा ते अजून वाकूनच उभे होते.

"डॉक्टर म्हणालेत, आता गाडी चालवणं बंद करा," ते इंजिनाकडे बघत म्हणाले. "त्याआधी एकदा दिवेघाट न थांबता चढायचा होता."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू चिडली असतीस."

"आत्ता काय आरती ओवाळतेय का?"

तरी तिने जाड स्प्रिंगा आणि वॉशर काढले, आपल्या स्प्रिंगा बसवल्या. त्यांनी निमूटपणे बॅटरीचा उजेड धरला. इंजिन हाताने अलगद फिरलं.

रविवारी सकाळी तनुजाला शेजारी बसवून जयसिंगरावांनी दिवेघाट एका दमात चढवला. वर पोचल्यावर ते उतरले, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले.

"परत जाताना तू चालव," ते म्हणाले. "पण क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. तुला ती सवय आहे."

तनुजा दातओठ खात स्टिअरिंगवर बसली.