पाचव्या रेकॉर्डची दुसरी बाजू

चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हा तिचा धंदा, आणि एका हार्डकोअर बँडच्या रेकॉर्डी जमवणं हा नाद. दुकानामागच्या खोलीत प्लेअर होता, शेजारी तबकड्यांची फळी. पण लोक ज्यांच्यासाठी जीव टाकतात त्या पहिल्या दोन तिथे नव्हत्याच. तिला हव्या असायच्या नंतरच्या, ज्या ऐकून बँडच्या चाहत्यांनीही नाकं मुरडली होती. हल्ली त्या एकेक करून पुन्हा छापल्या जात होत्या, आणि प्रत्येकीसाठी ती आधीच नाव नोंदवून ठेवायची.

नाद लावला होता थोरल्या भावाने. दीड मिनिटाची, बेंबीच्या देठापासून किंचाळणारी गाणी तिला पंधराव्या वर्षी ऐकवली ती त्यानेच. पण बँडचा वेग उतरला तसं दादाचं मनही उतरलं. "तिसरीनंतर नुसत्या पाट्या टाकल्यात त्यांनी," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पाचवी हाती आली त्या रविवारी दादा समोरच बसला होता. पहिली बाजू संपली, तिने तबकडी उलटली, तर पुन्हा तीच गाणी! छापतानाच घोळ झाला होता.

दादा हसून हसून लोळला. "एकदा ऐकवत नाही, तर यांनी दोनदा दिलंय!"

"गप रे," म्हणत तिने पाकिटामागे छापलेल्या, तक्रारीसाठीच्या नंबरावर फोन लावला. तबकडीवर कोरलेला बारीक नंबर वाचून दाखवायचा होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

पलीकडच्या माणसाने माफी मागितली, नंबर उतरवून घेतला. मग जरा घुटमळून विचारलं, "तुम्हाला खरंच आवडते ही? नाही, ड्रम मी वाजवलेत हिच्यात. आता पार्सलंही मीच बांधतो."

तिने खुर्ची फोनजवळ ओढली.

"आवडते. ही निघाली त्या वर्षी आमचे बाबा गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. तुमच्या आधीच्या गाण्यांइतकं चिडायला अंगात त्राणच नव्हतं. ही गाणी दमलेली वाटायची. ऐकून बरं वाटायचं."

"दमलेलोच होतो," तो म्हणाला. "माझं मनगट कामातून गेलं होतं. जलद वाजवता येईना, तर बाकीच्यांनी माझ्यासाठी सगळी गाणी संथ केली. लोक म्हणाले, मवाळ झाले. आम्ही कुणाला काही बोललो नाही."

दादाचं हसू केव्हाच विरलं होतं. तो फोनकडे वाकला. "आता कसं आहे मनगट?"

"पार्सलं बांधण्यापुरतं झकास आहे!"

आठवड्याभरात बदली तबकडी आली. दादा न बोलावता हजर. दुसरी बाजू त्याने हाताची घडी घालून, तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखी ऐकली.

"तिसरं गाणं बरंय," शेवटी म्हणाला. "बाकीची अजून नाही पटत."

तिला तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्या रविवारी तो आला तो काखेत चपटं पाकीट मारून. चौथीची नवी आवृत्ती. "म्हटलं, तुझ्याकडे नसेल."

फळी त्याला दिसणार नाही अशी ती मध्ये उभी राहिली. चौथी तिथे केव्हाची विराजमान होती.

"नव्हतीच," ती म्हणाली. "लाव की."