पडद्यामागचा आवाज

संगीताने भाषणाचा कागद चार घड्या करून कमरेला खोचला. प्रियंकाने तो लगेच ओढून काढला.

"हा कायले पायजे तुले?"

"असू दे ना. अडली-बिडली तर…"

"अडली तरी तू बोलजो नोको. अन यंदा पडद्यामांगं नाई, समोर बसजो. नाईतर मी स्टेजवर चढतच नाई."

चौथीतल्या पोरीची ही अट उगाच नव्हती. गेल्या बाबासाहेबांच्या जयंतीला विहारासमोरच्या याच मंडपात ती एका शब्दाला अडखळली आणि पडद्यामागे उभ्या असलेल्या आईने कुजबुजत पुढचं वाक्य सांगितलं. माइक मेला भलताच तिखट कानाचा. मग घाबरून पोरगी दर वाक्याला मागे वळू लागली, आणि आधी आईचं, मागून लेकीचं, असं दोन आवाजांतलं भाषण भोंग्यातून पार घाटंजीच्या रस्त्यापर्यंत गेलं. लोक पोट धरून हसले. तेव्हापासून शाळेत गुरुजींनी काही विचारलं की प्रियंका पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत नुसती उभी राहायची. चूक आपली होती, हे संगीताला वर्षभर सलत होतं, पण ती कुणापाशी बोलली नव्हती.

कार्यक्रमाचा माइक सांभाळणाऱ्या भीमराजकाकांनी प्रियंकाचं नाव पुकारलं. संगीता पहिल्या रांगेत शेजारच्या विमलताईंजवळ बसली. चवदार तळ्याचं ते भाषण तिला लेकीपेक्षा जास्त पाठ होतं. भाकरी थापता थापता तिनेच वीसदा म्हणवून घेतलं होतं.

"हजारो माणसं तळ्याच्या काठावर उभी राहिली," प्रियंका म्हणाली, "आणि…"

आणि थांबली. थेट आईकडे पाहत राहिली.

पुढचं वाक्य संगीताच्या ओठांवर येऊन बसलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. भीमराजकाका मदतीला माइककडे निघाले, तर संगीताने हातानेच त्यांना थांबवलं आणि पदराचं टोक दातांत घट्ट धरलं. विमलताईंनी तिचा गुडघा दाबून ठेवला. बाळंतपणातसुद्धा तिने एवढी कळ सोसली नसेल.

"…आणि बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं."

पुढचं भाषण प्रियंकाने जरा घाईनेच, पण एकदाही मागे न बघता संपवलं. मंडपात टाळ्या पडल्या. संगीताला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

भोजनदानाच्या पंगतीत ती लेकीजवळ बसली. पत्रावळीवर बुंदी पडली तेव्हा तिने हळूच विचारलं,

"एवढं पाठ होतं माय, मंग तिथं काहून इसरली?"

"इसरली नव्हती." प्रियंकाने बुंदी तोंडात टाकली. "तू चूप राह्यते का नाई, पाहून राह्यली होती."

संगीताने आपल्या वाट्याची बुंदी तिच्या पत्रावळीवर सरकवली. प्रियंकाने अजून एक घास घेतला.

"आता पुढच्या सालापासून मांगं उभी राह्यली तरी चालते."