भावाच्या होडीला दिलेली सही

पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी रंभा त्या दिवशी सुरमई बर्फात टाकून लेक विनिताला घेऊन बँकेत आली होती. विनिताला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, शुक्रवारच्या आत फी भरायची होती.

"कर्ज नाही होणार, मावशी," साहेब म्हणाला. "तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब आहे. दोन हजार पाच साली एका होडीच्या कर्जाला तुम्ही जामीन होतात. ते थकलं, कोर्टाचा हुकूम झाला. तुमच्याही नावावर."

"आमी एक रुपयाबी उचलला नाय!"

"उचलला नसेल. पण जामीनदाराच्या नावावरही थकबाकी लागते."

होडी धाकट्या भावाची, जीवनची. विनिता आईकडे बघत राहिली. रंभाने नजर चुकवली आणि तडक उरणची एसटी धरली.

जीवन बंदरावर फाटलेलं जाळं सांधत बसला होता. रंभाने बँकेतलं सगळं सांगितलं, तसा तो म्हणाला,

"होडी बँकेनं ओढून नेली, कोर्टाचा निकाल लागला. मिटला ना विषय?"

"होडी विकून जे कमी पडलं, ते अजून आपल्या डोक्यावर हाय. कोर्टाचा कागद आलेला?"

जीवनचा हात थांबला. "आलेला. सात वर्षं झाली. तुजापण इथंच आला. जामिनाच्या कागदावर तूच माहेरचा पत्ता लिवलेला. तुला सांगायला तोंड नव्हतं, ताई."

याला आत्ताच पाण्यात ढकलावं, असं रंभाला वाटलं.

"उद्या होडीचं कर्ज दिलेल्या बँकेत ये. नाय आलास तर मला भाऊ नाय."

तो आला. तिथल्या साहेबाने कागद चाळले. "अर्ध्या रकमेत तडजोड होईल. मात्र रेकॉर्डवर तसा शेरा राहील, आणि तो बघून दुसऱ्या बँका कचरतात. पूर्ण फेडलंत तर खातं बंद, अशी नोंद होईल."

जीवनचा चेहरा उजळला. "ताई, अर्ध्यात सुटतो आपण!"

"तू सुटतोस. विनिता नाय सुटत."

जीवन उठला आणि बाहेर गेला. सात वर्षं गप्प राहिला तसाच हा आताही पळाला, असं समजून रंभा उठली. ती मागोमाग धावली. जीवन जिन्यात उभा राहून आपल्या भागीदाराशी फोनवर बोलत होता, "धर्मराज, नव्या होडीतला माजा हिस्सा तू घे. हां, सगळा. मी खलाशी म्हणून येईन तुज्याबरोबर."

कर्ज पूर्ण फिटलं. पण रेकॉर्ड बदलायला महिना उलटला आणि तोवर विनिताची जागा गेली. वर्षभर ती खांदा कॉलनीतल्या औषधाच्या दुकानात बिलं फाडत राहिली. आईशी कामापुरतं बोलायची. भाऊबीजेला रंभाने जीवनला बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश मिळाला, कर्जही मंजूर झालं. रंभाने भावाला फोन लावला.

"झालं काम."

पलीकडे वारा घोंघावत होता. जीवनने विचारलं, "होस्टेलला कधी जाते? मी येऊ सोडायला?"

रंभाने फोनवर हात धरून लेकीला विचारलं. विनिताने बॅगेची चेन ओढली.

"येऊ दे," ती म्हणाली. "बॅगा जड आहेत."